गच्चीवरच्या चान्या

"बाई, लई केलं तुमी माझं," बा म्हणाला. "आता मला जाऊ द्या. मुकादम हजेरी धरंना मग."

त्याच्या हातात पिशवी होती. पिशवीत एक बनियन, माझी एक चप्पल आणि टीव्हीचा रिमोट. मी दाराला आतून कडी घातली आणि म्हटलं, आज सुट्टी आहे, मुकादमाने तसा निरोप धाडलाय. तो मान हलवून परत जाऊन खुर्चीत बसला. मुकादमाचं नाव घेतलं की तो ऐकायचा. माझं ऐकायला मी त्याची कोण होते?

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी औरंगाबादेत महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायचे. सिडकोत दोन खोल्यांचं घर घेतलं होतं आणि लग्न केलं नव्हतं. का केलं नाही ते सोडा, त्यात काही रंगतदार नाही. माय गेल्यावर बाला मी गावाकडून घेऊन आले. सुरुवातीला बरं चाललं होतं. मग तो विसरायला लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवण झालं की नाही ते, मग माय गेली हे. शेवटी मला विसरला.

मी त्याला आंघोळ घालायचे तेव्हा तो अंग चोरून बसायचा. ताट पुढे केलं की हात जोडायचा. मला 'बाई' म्हणायचा, अहोजाहो करायचा. पोटच्या पोरीला अहोजाहो करणारा बाप कुणाच्या वाट्याला येऊ नये, एवढंच सांगते.

बा मैलकुली होता. म्हणजे सरकारी रस्त्याचा एक तुकडा त्याच्याकडे. खड्डे बुजवायचे, कडेच्या झाडांना पाणी घालायचं, डांबर पडलं की तापत्या रस्त्यावर उभं राहायचं. घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगात बोलायचं बळ नसायचं, आणि असतं तरी तो बोलला असता असं नाही. मी वर्गात पहिली आले तरी 'हं' करायचा. डोक्यावर हात ठेवला नाही, कधी जवळ घेतलं नाही. सगळं जग मला विशाखा म्हणायचं, माय 'बाये' म्हणायची, आणि हा एकटा मला 'ठकी' म्हणायचा. ठकी का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी मला त्या नावाची इतकी लाज वाटायची की वर्गातल्या पोरींना कळू नये म्हणून तो शाळेच्या बाजूला दिसला की मी लपायचे.

आणि आता त्याच नावासाठी मी झुरत होते. त्याने एकदा, एकदाच मला ठकी म्हणून हाक मारावी. ते नाव ज्याला ठाऊक होतं असा हा एकच माणूस शिल्लक होता. त्याच्या डोक्यातून ते पुसलं गेलं की झालं. पुढे मी मेले तरी रडायला विशाखा मॅडमचे विद्यार्थी येतील, ठकीचं कुणी नाही येणार.

डॉक्टरांना विचारलं, काही औषध? ते म्हणाले, जुन्या गोष्टी बोलत चला. मी फोटो दाखवले. फोटोतल्या मायला त्याने नमस्कार केला. मी गावाचं, रस्त्याचं, गावच्या जत्रेचं बोलले. तो पाहुण्यासारखा 'हो का, हो का' करत राहिला.

मग एका सकाळी मी तव्यावर सुके बोंबील भाजत होते. मे महिना, शाळेला सुट्टी. घरभर वास सुटला होता. मागून आवाज आला.

"चान्या भाजायलीस का गं?"

मी वळले. बा दारात उभा होता, नाक वर करून. भाजायलीस. का गं. अहो नाही, जाहो नाही, बाई नाही. मी गधडी, खरं बोलायची सवय, म्हणाले, "नाही बा, बोंबील आहेत."

"आसं व्हय," तो म्हणाला. "करा, करा बाई, चालू द्या तुमचं." आणि गेला.

त्या दिवसभर मी स्वतःला शिव्या घातल्या. हो म्हणाले असते तर काय बिघडत होतं?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चान्या म्हणजे मोठ्याच्या, म्हणजे गाई-बैलाच्या, मटणाच्या लांब पट्ट्या, मीठ लावून उन्हात कडकडीत वाळवलेल्या. आमच्या वस्तीत उन्हाळ्यात घरोघर दोऱ्या बांधलेल्या असायच्या आणि त्यांवर चान्या. पावसाळ्यात काम नसलं, भाजी नसली की त्याच काढायच्या. निखाऱ्यावर भाजायच्या, ठेचायच्या आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खायच्या. तो वास ज्याच्या नाकात लहानपणी बसला त्याच्या नाकातून तो जात नाही. मी हॉस्टेलवर गेल्यावर चान्यांचं नाव काढणं सोडलं. तिथे नाव काढलं असतं तर पंगतीत शेजारी कुणी बसलं नसतं. पण कधी ताप आला, कधी एकटं वाटलं की जीभ तेच मागायची, आणि मी कुणाला सांगायचे नाही.

तेव्हा मोठ्याचं उघड मिळायचं. मी जुन्या शहरात गेले, खाटकाकडून चांगलं मऊ मटण आणलं. घरी आणून नळाखाली स्वच्छ धुतलं, चौकोनी तुकडे केले, मीठ चोळलं आणि ताटात घालून गच्चीवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी वास आला, पण जो हवा होता तो नाही. ते सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून लांबच्या कचराकुंडीत टाकून आले. येताना रिक्षात मला रडू फुटलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

मग मी भीमनगरला सोजरमावशीकडे गेले. सोजरमावशी म्हणजे मायची चुलत बहीण, तोंडाची तिखट आणि हाताची उदार. मी काय केलं ते सांगितलं तर ती हसून हसून खोकायला लागली.

"धुतलंस? एवढी पंधरा बुकं शिकलीस आन् चान्याचं मटन धुतलंस?"

तिचं म्हणणं असं की चान्यांच्या मटणाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नसतो. पाणी आत राहिलं की मीठ आत जात नाही. आणि तुकडे कसले करतेस, उभ्या धाग्याने पट्टी काढायची, आडवं कापलं की दोरीवरनं गळून पडतं. हे मला कुणी सांगायला नको होतं खरं तर, मी मायला शेकडो वेळा बघितलं होतं. पण बघितलेलं हातात नव्हतं. हातात खडू होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मटण आणलं आणि मावशी स्वतःची विळी फडक्यात गुंडाळून घेऊन आली. माझ्या विळीकडे बघून म्हणाली, हिने कोथिंबीर काप. ती पाय पसरून बसली आणि एका गोळ्यातून अशी पट्टी काढत गेली की टोक सापडेना. पाटी भरली. मीठ, हळद. मग आम्ही दोघींनी गच्चीवर दोरी बांधली आणि एकीला दुसरी चिकटणार नाही अशा बेताने पट्ट्या लटकवल्या. वर जुनी साडी आडवी बांधली, म्हणजे शेजारच्या गच्च्यांवरून दिसायला नको.

आता कावळे आणि घारी कोण हाकणार? मावशीने बाला हाताला धरून वर आणलं, टाकीच्या सावलीत स्टुलावर बसवलं आणि हातात काठी दिली. "दाजी, राखन करा," एवढंच म्हणाली.

आणि काय सांगू, बा ताठ बसला. घरात तासातासाला पिशवी भरून दाराशी जाणारा माणूस, दुपारपर्यंत स्टुलावरून हलला नाही. कावळा कठड्यावर बसला की काठी आपटायचा, 'हाड' म्हणून असा ओरडायचा की खालच्या रस्त्यावरचं कुत्रं पळायचं. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाला, बाई, घार लई हुशार असती, एका डोळ्यानं झोपावं लागतं. मी म्हटलं, होय. त्याच्या तोंडावर इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा माणसाची कळा बघितली.

मे महिना म्हणजे सगळ्यांच्याच वाळवणाचा. त्याच गच्चीच्या दुसऱ्या टोकाला कुलथे काकूंच्या कुरडया होत्या. काकू माझ्या समोरच्या दारात राहायच्या. चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. मी बाजारात गेले की बाच्याकडे बघायच्या, कधी वाटीभर आमटी आणून द्यायच्या. जूनमध्ये शाळा उघडली की दुपारी त्याच बाच्याकडे लक्ष ठेवणार असं आमचं ठरलं होतं. त्याशिवाय माझी नोकरी चालणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकू कुरडया उलटायला वर आल्या. मी साडी सारखी करत होते.

"काय घातलंय हो टीचर, सांडगे का?"

मी हो म्हणणार होते. अगदी ओठावर होतं. तेवढ्यात बा स्टुलावरून म्हणाला, "चान्या हायत बाई. मोठ्याच्या. वाळल्या की देतो तुमाला बी."

किती मानाने बोलला तो. काकूंना आधी कळलंच नाही. मग वाऱ्याने साडी उडाली आणि त्यांनी बघितलं. पदर आवरून मागे सरल्या, आणि ओल्या कुरडया तशाच गोळा करून खाली गेल्या. संध्याकाळी त्यांचा मुलगा आला. दारातच उभा राहून म्हणाला की टीचर, गच्ची कॉमन आहे. मी म्हटलं, म्हणून तर वापरतेय. तो म्हणाला, आईला त्रास होतो, आणि इथून पुढे आजोबांकडे बघणं तिला जमायचं नाही. मी म्हटलं, बरं.

दार लावलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. राग आला होता आणि धास्तीही वाटत होती. जूनचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. मावशीला सांगितलं तर तिनेही काढून टाक म्हटलं, माझ्या पत्र्यावर वाळवू म्हणाली. पण भीमनगरला बाला रोज कसं नेणार? आणि इथे तो राखणीला बसला होता, पहिल्यांदा काहीतरी त्याचं त्याला सापडलं होतं. चान्या वाळल्या, त्याने खाल्ल्या आणि त्याला मी आठवले, तर मला काकू नकोत आणि त्यांची आमटीही नको. मी दोरी काढली नाही. उलट वरची साडी काढून टाकली. आता कुणापासून झाकायचं होतं?

मराठवाड्याचं ऊन कामाला पक्कं. चार-सहा दिवसांत पट्ट्या काळ्या, कडक झाल्या, एकमेकींवर आपटल्या की लाकडासारख्या वाजायला लागल्या. मावशी येऊन दाताखाली धरून बघून गेली, म्हणाली, झाल्या. भाजायच्या कशा ते सांगून गेली. थांब म्हटलं तर थांबली नाही. म्हणाली, तुझं तू कर, दोघंच बसा.

मी बाल्कनीत शेगडी पेटवली. गॅसवर भाजलेल्याला तो वास येत नाही. निखारे फुलल्यावर चान्या टाकल्या. चुरचुरल्या, वाकल्या, आणि तो वास आला. मला सांगायची लाज नाही, माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांनाही. पाट्यावर घेऊन वरवंट्याने जरा ठेचल्या. भाकऱ्या आधीच करून ठेवल्या होत्या.

बाला हाक मारावी लागली नाही. तो आपण होऊन आला, हात धुतले आणि टेबलाकडे न जाता शेगडीपाशी खाली मांडी घालून बसला. मी ताट ठेवलं. भाकर, फोडलेला कांदा, चान्या. त्याने हात जोडले नाहीत. एक चानी उचलली, वास घेतला, आणि जे दोन-चार दात राहिले होते त्यांच्याकडे सरकवून ओढली. बराच वेळ चावत राहिला. डोळे मिटलेले.

मी घासाला हात लावला नव्हता.

"कशा झाल्यात बा?"

"मीठ बसलंय," तो म्हणाला.

मी कोण ते विचारू का नको असं झालं. त्याने ती एक चानी अर्ध्या भाकरीला पुरवली. मग उरलेली अर्धी भाकर नुसत्या कांद्याबरोबर खाल्ली. ताटात चान्या तशाच. पाणी प्यायला. मग खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर पसरला, आणि ताटातल्या चान्यांतल्या चांगल्या रुंद रुंद निवडून त्याच्या टोकात ठेवायला लागला. एक मोडकी होती ती बाजूला सारली. टोकाला गाठ मारली.

"खा की बा, अजून खूप आहेत."

"खाल्ली की एक."

"मग ह्या बांधल्यास कशाला?"

"ठकीला," तो म्हणाला.

अगदी तसंच म्हणाला, पहिलं अक्षर जोरात. इतके दिवस मी ज्याची वाट बघितली ते माझ्या कानांनी ऐकलं. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता.

"कुठंय ठकी?" मी विचारलं.

"साळंला गेली. लांब हाय साळा, चालत येती. आली की पोटात कावळे कोकलतेत तिच्या."

"आणि तू रोज तुझ्या ताटातलं ठेवतोस तिला?"

"तर वो. तिची माय म्हनती, तुमी रोडवर राबता, तुमी खावा. मी म्हनलं, मला काय, खड्ड्यात मुरूमच टाकायचाय. कांदा-भाकरीवर बी पडतो मुरूम. तिला डोक्यानं काम करायचंय."

मी शाळेतून यायचे तेव्हा चुलीमागे टोपल्याखाली ताटली झाकलेली असायची. तिच्यात भाकर आणि भाजलेल्या चान्या. मी दप्तर टाकून आधी ते टोपलं उचलायचे. मला वाटायचं माय ठेवते. खाल्लं की मी मायच्या गळ्यात पडायचे, आणि बा तिथेच भिंतीला टेकून बसलेला असायचा. माय कधी बोलली नाही, त्याने बोलू दिलं नसेल. हा तर बोलणाराच नव्हता. आता दोघंही नाहीत, विचारणार कुणाला.

"बा," मी म्हणाले, "अरे मीच ठकी."

त्याने माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, चष्मा, पिकलेले केस, सगळं. त्याला माझी दया आली असावी.

"तुमी मास्तरीन हाव बाई," तो समजुतीने म्हणाला. "ठकी एवढीशी हाय." आणि बसल्या जागी हात जमिनीपासून वर धरून दाखवला. त्याच्या खांद्याच्याही खालीच.

"मग मला दे त्यातली एक."

शेगडीवर ढीगभर पडल्या होत्या. मला त्यातल्या नको होत्या, मला गाठीतली हवी होती. मी हात पुढे केला, लहान पोर करतं तसा, लाज सोडून.

बाने गाठीवर हात ठेवला. त्याला फार अवघड झालं होतं ते दिसत होतं.

"बाई, तुमच्या घरचं खातो मी. तुमाला न्हाई म्हनाया जीभ रेटत न्हाई. दुसरं काय बी मागा. पर ह्या लेकराच्या हायत."

मी हात मागे घेतला. ताटं उचलली. माझ्या ताटातलं तसंच होतं, ते मी झाकून ठेवलं.

तो गाठ मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसला. दुपारभर बसला. पिशवी भरली नाही, मुकादमाचं नाव काढलं नाही. मी चहा दिला तर घेतला, पण गाठ हातातून सोडली नाही. मी समोरच्या खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होते. ऊन उतरलं, बाहेर पोरं खेळायला आली तसा तो चुळबुळायला लागला. उठून दारापर्यंत जायचा, परत येऊन बसायचा.

"येवढा येळ व्हत न्हाई तिला," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा इतका कावराबावरा झालेला मी जन्मात बघितला नव्हता. "बाई, तुमचे पाय धरतो. जरा वाटंवर जाऊन बघता का?"

"बघते," मी म्हणाले.

चपला घातल्या, जिना उतरले आणि फाटकाबाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले. वर बाल्कनीत बा कठड्याला धरून उभा होता, दुसऱ्या हातात पंच्याची गाठ. मी वर बघितलं तशी त्याने मान हलवून विचारलं, दिसली का. मी नाही म्हणून हात हलवला. त्याने मला अजून थोडं पुढे जायची खूण केली, आणि मी पुढे गेले.